राखणदाराची भाकर

३० मार्च

आज सकाळी अकरा शापो, म्हणजे रानमेंढ्या, उतरून स्पलझेसच्या लसूणघासात शिरले आणि अर्धा वाफा खुडून गेले. मी बांधावरच होतो. गावाला सांगितलं, उन्हात डोळा लागला. ते खोटं आहे. डोळा टक्क उघडा होता. मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो.

अकराही माद्या, सगळ्या गाभण. पोटं खाली ओघळलेली, पाठीचे मातकट पिवळे केस हिवाळ्यानं विस्कटलेले. चार महिने वाळक्या काड्यांवर काढलेले, आणि समोर वर्षातलं पहिलं हिरवं. खाताना डोळे अर्धे मिटत होत्या. हातात गोफण होती, गोफणीत दगड होता, पण हात उठला नाही.

यंदा लोरापाची पाळी आमच्या घराची. गावची शेतं राखायची, कुणाचं जनावर शिरलं तर हाकलायचं. दरवर्षी घर बदलतं. मुलगा लेहला नोकरीला, सून त्याच्याबरोबर, म्हणजे घर म्हणजे मी. वय एकाहत्तर, आणि गुडघे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे.

नोरझोमनं दोन वह्या दिल्यात. ती माझ्या भाचीची मुलगी, मला आजोबा म्हणून मेमे म्हणते, शापो मोजायचं काम करते. एका वहीत रोज किती दिसले ते लिहायचं. दुसरी म्हणाली, "ही तुमची, मेमे, काय वाटेल ते लिहा." ही ती दुसरी. अक्षरं मी पल्टणीत हमाली करताना पेट्यांवरची नावं वाचून शिकलो, त्यामुळे ओळी वाकड्या जातात. कुणाला दाखवायची नाहीत.

४ एप्रिल

नोरझोमला आज उतारावर बसून सांगत होतो. स्कीन म्हणजे रानबोकड, आणि नापो, ही दोन्ही कड्यावरची जनावरं. काही दिसलं की दोन उड्या मारून खडकात जातात आणि तिथून आपल्याला वेडावतात. शापोला कडा जमत नाही. ते मेंढरू आहे, त्याला मोकळा उतार लागतो, आणि भ्यालं की ते उताराउतारानं पळतं. त्याचं सगळं पायात. म्हणूनच ते आपल्या इतक्या जवळ राहतं आणि म्हणूनच सगळ्यात आधी मरतं. आमच्या वडिलांच्या काळी बंदुका आल्या तेव्हा हेच आधी संपत आले होते.

नर आता वर वेगळे आहेत. ते मार्गशीर्षातल्या थंडीतच माद्यांत येतात, गळ्याखाली काळी दाढी सोडून, डोकी आपटत. शिंगावर दर हिवाळ्याची एक खोल रेघ उमटते. रेघा मोजल्या की वय कळतं. नोरझोम म्हणाली, "मेमे, तुमचं वय कशावरून मोजायचं?" म्हटलं, "माझ्या गुडघ्याच्या आवाजावरून." खूप हसली. तिला वाटतं शापोचं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. मलाही तसंच वाटतं, हे लिहून ठेवतो.

८ एप्रिल

पाटाचा गाळ काढायचा होता, सगळं गाव जमलं होतं. काल पुन्हा शापो आले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. स्पलझेसनं फावडं टेकवून सगळ्यांसमोर गावच्या प्रमुखाला विचारलं, "काय हो गोबा, लोरापा नेमलाय की शापोंचा मामा? भाच्या माहेराला आल्यात, ताटं वाढतोय."

सगळे हसले. मीही हसलो. चोसफेल तेवढा हसला नाही. तो कुणालाच हसत नाही, बिचारा खाली मान घालून गाळ उपसत राहिला.

मग गोबा आंगचुक जवळ आला आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसं हळूच म्हणाला, "अचो ओत्सेर, वयाचं काही असेल तर सांगा. पुढच्या घराला पाळी देऊ. कुणी काही म्हणणार नाही." तो चांगला माणूस आहे, गावचा प्रमुख म्हणून बोलायला हवंच होतं त्यानं. पण ते मायेनं बोलणं स्पलझेसच्या टोमण्याहून जास्त लागलं. पाळी अर्ध्यात सोडलेलं घर या गावात मी एकच पाहिलंय. त्या घराच्या म्हाताऱ्याला मरेपर्यंत लोक चहा आदरानं द्यायचे, पण काही विचारायचे नाहीत.

मी म्हटलं, "मला जमतंय."

१० एप्रिल

पल्टणीची वरची छावणी गेल्या शरदात हलली. तिथल्या खरकट्यावर वाढलेली कुत्री आता ओढ्यापर्यंत उतरलीत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. सकाळी त्यांतल्या सहांना शिळे खंबीर, आमच्या जाड भाकऱ्या, टाकले. एक तांबडा, कान फाटलेला, आधी खात नाही, बाकीच्यांना खाऊ देतो. त्याचं नाव कप्तान ठेवलं.

ती बांधापाशीच रेंगाळली. शापो उतरले तशी भुंकत धावली. शापो वर गेले. एवढंच झालं. कुणाला ओरखडासुद्धा नाही. आणि मला उठावं लागलं नाही.

संध्याकाळी गोबानं विचारलं. सांगितलं, गोफण मारली.

१८ एप्रिल

आठ दिवसांत एक वाफा गेला नाही. जर्दाळू फुललेत. देवळाच्या दाराशी गोबा म्हणाला, "अचो, आमच्या पोरांना तुमची गोफण शिकवा." स्पलझेसनं वाडगाभर दही पाठवलं, आणि भेटली तेव्हा म्हणाली, "आता कसे डोळे उघडलेत." तिचं घर बांधाला लागून आहे, सकाळी खिडकीत उभी असते. बरं वाटलं. तिच्याशी आमचं लहानपणापासून भांडण, तिनं बरं म्हटलं की दोन दिवस पुरतं.

रोज उजाडता उजाडता भाकऱ्या घेऊन जातो. आता कुत्री नऊ झालीत. पीठ जास्त लागतंय. कप्तान लांबूनच ओळखतो, सगळं अंग हलवत येतो. बायको गेल्यापासून सकाळी माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, हेही लिहितो.

नोरझोमनं विचारलं, "मेमे, खालच्या उतारावर माद्या कमी का दिसतात?" म्हटलं, ऊन वाढलं की वर सरकतात. सरकतात खऱ्या. पण जेठाच्या उन्हात. हे मी तिला सांगितलं नाही, मला तेव्हा आठवलंही नाही. आता लिहिताना आठवलं.

२९ एप्रिल

पिलांचे दिवस आले. मादी कळपापासून वेगळी होते, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला विते. बहुतेक एकच, क्वचित जुळं. पहिले तीन-चार दिवस कोकरू दगडाला चिकटून दगडासारखं पडून राहतं आणि आई थोडी दूर चरते, पण डोळा तिकडेच. माणसाला वाटतं टाकून गेली. टाकलेली नसते. मग दोघं परत माद्यांत मिसळतात.

आज एक मादी एकटीच उतारावर इकडून तिकडे पळत होती. थांबायची, ओरडायची, पुन्हा त्याच धोंड्यापाशी यायची. कोकराची जागा विसरली असेल. पहिलटकरीण असावी.

कप्तान आज भाकर हुंगून बाजूला झाला. पोट टम्म. कुठेतरी मेलेलं गाढव मिळालं असणार.

५ मे

नोरझोमला वरच्या उतारावर दोन कोकरांचे पाय सापडले. नुसते पाय, खुरांसकट. तिनं रुमालात बांधून आणले आणि माझ्यासमोर ठेवले. "मेमे, गरुड?"

म्हटलं, "गरुड असेल."

"दोन्हींचे एकाच जागी?"

म्हटलं, "गरुडाचं काय सांगावं." चहा ओतला. रुमाल परत बांधून तिच्याकडे सरकवला.

११ मे

चोसफेलच्या वरच्या मेंढवाड्यात काल संध्याकाळी जनावरं शिरली. तीन मेंढ्या, पाच कोकरं मारली. त्याच्याकडे होत्याच आठ मेंढ्या.

गोबानं मला बोलावलं, कारण असलं काही झालं की मलाच बोलावतात. मी गेलो आणि पाहिलं.

लांडगा गळा धरतो. एकदा धरतो, मारतो, खातो. इथे मागच्या मांड्या फाडल्या होत्या, कान फाडले होते, आठ मारली होती आणि एकही धड खाल्लं नव्हतं. भिंतीपाशी चिखलात पावलांचे ठसे होते, लहान, मोठे, मध्यम, वाकडेतिकडे गेलेले. लांडग्याची रांग सरळ जाते, एकाच्या पावलात दुसऱ्याचं पाऊल. हे मला सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. भिंतीच्या दगडाला तांबडे केस चिकटले होते.

चोसफेल एका कोकराला मांडीवर घेऊन बसला होता. ते मेलेलं होतं. त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही, किंवा त्याला ठाऊक होतं.

गोबा म्हणाला, "अचो, लांडगाच ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी केसांपाशी उभा राहिलो, पाठीनं ते झाकले, आणि म्हटलं, "लांडगा."

परतताना त्याच पाठीनं भिंत घासत केस पुसले. अंगरख्याला चिकटून घरी आले. आत्ता चुलीत टाकलेत.

चोसफेल दारापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "तुम्ही एवढं चढून आलात, अचो. तुमचे गुडघे."

१२ मे

काही लिहीत नाही.

१३ मे

सभा झाली. शांगदोंग पुन्हा चालू करायचा असं ठरतंय.

आमचा शांगदोंग खिंडीखाली आहे. दगडी खड्डा, दोन पुरुष खोल, भिंती वर येताना आत झुकलेल्या. आत जिवंत जनावर सोडायचं. लांडगा उडी मारतो, बाहेर येऊ शकत नाही. मग प्रत्येक घरानं एक दगड टाकायचा. सहा वर्षांपूर्वी गुरूंसमोर सगळ्या गावानं सांगितलं की हे पुन्हा करणार नाही, आणि काठावर पांढरा छोर्तेन, म्हणजे स्तूप, बांधला. पहिला दगड मीच ठेवला होता, थोरला म्हणून.

सभेत स्पलझेस सगळ्यांत मोठ्यानं बोलली. "लांडगाच तो. वचन दिलं तेव्हा चोसफेलच्या मेंढ्या जिवंत होत्या."

नोरझोम उठली. "तिथले ठसे कुणी नीट पाहिले का? मी गेले तोवर सगळं तुडवलं होतं. वचन मोडायच्या आधी चार दिवस थांबा."

कुणीतरी म्हणालं, "तू पगार खातेस त्या जनावरांचा, तू असंच बोलणार."

ती लाल झाली, पण बसली नाही. माझ्याकडे वळली. "मेमे, तुम्ही पाहिलंत. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

मी म्हटलं, "अंधार पडत होता, नीट दिसलं नाही." दुपारी दोन वाजता गेलो होतो मी, निम्मं गाव बरोबर होतं. तरी म्हाताऱ्याचं ऐकून घेतात.

नोरझोम खाली बसली.

१५ मे

भाकर बंद केली. परवापासून.

कुत्री माझ्या दारात आली. दगड मारले. कप्तानला वाटलं खेळ आहे, दगड तोंडात धरून परत आणला. मग विचार केला, लांब नेऊन सोडू. पिशवीत खंबीर घेऊन नदीच्या पुलापलीकडे चालत गेलो, तीन तास, नऊ कुत्री मागे वरातीसारखी. पलीकडे भाकरी टाकल्या आणि परत फिरलो. मी घरी पोचलो तेव्हा ती दारात बसली होती. माझ्या आधी.

उपाशी आहेत. उपाशी कुत्र्यांचं काय होतं ते मला कळायला हवं होतं, आणि कळत होतं. भाकर चालू ठेवली तरी वाईट, बंद केली तरी वाईट. तिसरा रस्ता होता, गोबाच्या दारापर्यंत शंभर पावलांचा. त्या रस्त्यानं मी दोनदा निघालो. एकदा त्यानं आतून "या अचो, चहा झालाय" म्हटलं आणि मी खरंच चहा पिऊन आलो.

१६ मे

चोसफेलच्या आणखी दोन मेंढ्या. उरल्या तीन. उद्या शांगदोंगात करडू सोडणार. करडूही त्याचंच, त्यानं स्वतःहून दिलं.

१८ मे

सगळं लिहितो.

सकाळी निरोप आला की खड्ड्यात जनावर पडलंय. गाव चढलं. प्रत्येकाच्या हातात एक दगड. थोरला म्हणून पहिला दगड माझा, म्हणून मला वाट करून दिली. कुणीतरी कोपराला धरून काठापर्यंत नेलं.

खाली कप्तान होता. करडू कोपऱ्यात पडलं होतं. कप्तानचं तोंड लाल होतं आणि एक पुढचा पाय तो टेकत नव्हता. गुरगुरत भिंतीला पाठ लावून उभा होता, वर माणसं दिसतील तिकडे दात काढत होता.

मग त्याला मी दिसलो.

गुरगुर थांबली. शेपटी हलायला लागली, मग कंबर, मग सगळं अंग. तीन पायांवर भिंतीपाशी आला, उभा राहायला बघू लागला, पडला, पुन्हा उभा राहू लागला. केविलवाणं कुंईकुंई. तीन दिवस, पाच दिवस, कितीही दिवस भाकर न देणाऱ्या माणसासाठी.

काठावर गोबा माझ्याकडे बघत होता. चोसफेल माझ्याकडे बघत होता. नोरझोम बघत नव्हती. तिनं मान फिरवली होती.

खोटं अजून एक सुचलं. तेवढ्यातही सुचलं. की कुत्रं आहे, माणसाला पाहून शेपटी हलवणारच. तोंडापर्यंत आलं होतं.

म्हटलं, "हा माझा आहे. मी पोसलाय. याच्यासारखे अजून आठ आहेत. शापो हाकलायला जमेना म्हणून दहा एप्रिलपासून रोज भाकर घातली. चोसफेलच्या वाड्यात यांनी केलं, मी त्याच दिवशी ओळखलं. लांडगा मी म्हटलं. लांडगा कुठेच नव्हता. शापोंची कोकरंसुद्धा यांनीच."

वारा होता. मागच्यांना ऐकू गेलं नाही, कुणीतरी विचारलं, "काय म्हणतात?" म्हणून पुन्हा सगळं सांगावं लागलं, मोठ्यानं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

चोसफेलनं दगड खाली ठेवला. फेकला नाही, वाकून ठेवला. मग म्हणाला, "अचो, मला नुसतं सांगायचं होतं. मी मेंढ्या खाली घरात बांधल्या असत्या." एवढंच बोलला. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं दगड मारला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटण्याचीही लाज वाटली, कारण तेही माझ्याच सोयीचं.

शिडी मागितली आणि खाली उतरलो. कप्तानच्या गळ्यात कमरेचा दुपट्टा बांधला. तो हात चाटत होता. माझा हात करडाच्या रक्तानं माखला. वरून गोबानं विचारलं, "चावत नाही ना?" म्हटलं, "मला नाही."

१९ मे

गोबानं शहरात निरोप धाडलाय, कुत्र्यांची गाडी येणार आहे. तोवर नऊही माझ्या अंगणात दोरीनं बांधलेली. पाळी काढून घेतली नाही. गोबा म्हणाला, "आता सोडून कुठे जाता, शापो तुमचेच आहेत की." ते माफ करणं होतं की शिक्षा, कळलं नाही.

माझ्या सातही मेंढ्या कोकरांसकट चोसफेलच्या दारात नेऊन बांधल्या. त्यानं पाच घेतल्या, दोन परत आणून माझ्या दारात बांधल्या. मी घरात होतो. बाहेर आलो नाही.

२२ मे

नोरझोमबरोबर वर गेलो. तिनं बोलावलं नव्हतं, मी मागे मागे गेलो. तिनं थांबू दिलं. दिवसभर मोजलं. माद्या एकोणीस. मार्चात तेवढ्याच होत्या, त्या सुटल्या, कारण त्या पळू शकतात. कोकरं चार. या दिवसांत चौदा-पंधरा तरी असायची.

एका मादीची कास भरून तटतटली होती, चालताना पाय फाकवत होती. दूध पिणारं कुणी नाही. ती एकोणतीस एप्रिलची असेल किंवा दुसरी. मी तिला पहिलटकरीण म्हटलं होतं.

नोरझोमनं आकडा लिहिला आणि विचारलं, "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

म्हटलं, "माझं नाव."

"नाव लिहायला जागा नसते, मेमे. कारण लिहायचं असतं."

मग म्हटलं, "ही दुसरी वही तुला देतो. त्यात सगळं आहे." ती म्हणाली, "ती तुमची आहे." म्हटलं, "तरी घे. उद्या देतो." तिनं नाही म्हटलं नाही. उतरताना माझा हात धरला.

२३ मे

वही द्यायला निघणार तोच स्पलझेस आली. अठरा तारखेपासून तिनं तोंड दाखवलं नव्हतं. कुत्र्यांच्या दोऱ्यांमधून वाट काढत आली आणि चुलीपाशी बसली. चहा दिला, प्यायली नाही.

"वही नोरझोमला देणार म्हणे."

"हो."

"माझं काय लिहिलंयस?"

"दही पाठवलंस ते. आणि मामा म्हणालीस ते."

"बाकी?"

"बाकी काय?"

तिनं कप खाली ठेवला. "माझी खिडकी बांधावर आहे, ओत्सेर. तू भाकऱ्या टाकायचास ते मला दिसायचं. कुत्री वर कुठे जायची तेही. एकदा तांबड्याच्या तोंडात काय होतं तेही." मग म्हणाली, "माझं गवत वाचत होतं."

मला ते दही आठवलं, आणि सभेतला तिचा आवाज.

ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं ही लाज निदान माझ्या एकट्याची आहे. तीही मी दुसऱ्याच्या घरात सांडून ठेवली होती. म्हटलं, "जाऊ दे. तुला कुणी विचारलेलं नाही. लांडगा मी म्हटलं होतं."

"तू एकदा म्हटलंस. मी चारदा म्हटलं." मग वहीकडे बोट केलं. तिला वाचता येत नाही. "लिही माझं. मी बसलेय."

म्हणून हे तिच्यासमोर लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाली, वाचून दाखव. वाचलं : स्पलझेसनं खिडकीतून मला कुत्र्यांना भाकर घालताना पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

"नुसतं पाहिलं नाही," ती म्हणाली. "रोज पाहिलं असं लिही."

मी ‘रोज’ घातलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं, मग गार झालेला चहा प्यायली.